कॅस्टिएलचं "आय लव्ह यू" आणि हसणारा रूममेट

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत): रावेर तालुक्यातला २७ वर्षांचा मुलगा, जळगावला ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरी, गावाकडच्याच एका मित्रासोबत भाड्याच्या खोलीत राहतो. आपण गे आहोत हे त्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे, बाकी कुणालाच माहीत नाही. हॉस्टेलवर असताना 'सुपरनॅचरल' ही भुताखेतांची अमेरिकन सिरीज बघायला लागला, त्यातल्या डीन आणि कॅस्टिएल या जोडीवर जीव जडला, आणि शेवटी जे झालं त्यावरून तो आजही धुमसतोय. "पंधरा सीझन गाजर दाखवलं आम्हाला" असं त्याचं म्हणणं. मध्यंतरी त्याने रूममेटला कॅस्टिएलच्या कबुलीचा सीन दाखवला, तो हसला आणि म्हणाला, "अरे भो, हे तर भावासारखे आहेत, तुला पण काहीही दिसतं." तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं. त्याच रात्री रागाच्या भरात त्याने एका ॲक्टरच्या पोस्टखाली नको नको ते लिहिलं. त्याचे प्रश्न: आम्हाला फसवलं ना? असल्या मित्राशी संबंध ठेवायचे का? आणि असल्या सिरीज बघणंच सोडून द्यावं का? पत्राच्या अगदी खाली एक ओळ आहे: "घरचे अखजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलगी बघायला बोलावतायत, ते बघू नंतर."

भाऊ,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते कारण ते मिळाल्याशिवाय तू पुढचं काही वाचणार नाहीस असं तुझ्या सुरावरून वाटतंय. हो, फसवलं. पण तू जे लिहिलंयस ना की "सगळ्यांनी मिळून पहिल्यापासून ठरवून फसवलं", ते काही मला पटत नाही, आणि मी उगाच कीस पाडत नाहीये, हा फरक पुढे तुझ्या मित्राच्या बाबतीत कामाला येणार आहे.

ज्यांनी ही सिरीज बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डीन आणि सॅम विंचेस्टर हे दोघं भाऊ एक जुनी काळी गाडी घेऊन अमेरिकाभर फिरतात आणि भुतं, राक्षस, पिशाच्चं मारतात. सप्टेंबर २००५ ला सुरू झाली, नोव्हेंबर २०२० ला संपली, ३२७ भाग. चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात, म्हणजे २००८ च्या सप्टेंबरात, कॅस्टिएल नावाचा देवदूत येतो, तोच डीनला नरकातून ओढून बाहेर काढतो. खरं तर थोड्याच भागांपुरतं आणलेलं पात्र होतं पण लोकांनी इतकं उचलून धरलं की ते शेवटापर्यंत राहिलं. मग या दोघांचं एकमेकांकडे बघत राहणं, एकमेकांसाठी स्वर्गाशी नाहीतर नरकाशी भांडणं, रुसणं, परत येणं हे सगळं बारा वर्षं चाललं आणि जगभरच्या फॅन लोकांनी जोडीचं नावच पाडलं, डेस्टिएल.

आता असल्या फसवणुकीला क्वीअरबेटिंग म्हणतात (क्वीअर म्हणजे गे, लेस्बियन, बाय वगैरे सगळे, आणि बेट म्हणजे गळाला लावायचं आमिष) ते काय, तर समज कुणी तुला मळ्यात भरीत पार्टीला बोलावलं, तू गेलास, काड्यांच्या जाळावर वांगी भाजल्याचा वास सुटलेला, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात सगळं दिसतंय, तू पंगतीला बसलास आणि ताटात आला साधा वरणभात. वर यजमान म्हणतो, आम्ही भरीत म्हणालोच नव्हतो, तुम्हीच वास घेतला. तसं. प्रेमाच्या खुणा एवढ्या पेरायच्या की गे, लेस्बियन, बाय म्हणजे बायसेक्शुअल प्रेक्षक आशेनं बसून राहील, पण स्पष्ट कधी बोलायचं नाही म्हणजे बाकीचा प्रेक्षक पण बिथरणार नाही. दोन्हीकडून गल्ला.

यात एक भेद करायला पाहिजे मात्र. सगळेच इशारे बेटिंग नसतात. हॉलिवूडला १९३४ पासून १९६८ पर्यंत एक आचारसंहिता होती, त्यात असलं काही दाखवायची बंदीच होती, त्यामुळे त्या काळातले लेखक जे काही सांगायचे ते आडून सांगायचे, कळणाऱ्याला कळायचं. ती मजबुरी होती. पण अमेरिकेत जून २०१५ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला देशभर मान्यता दिली, त्यानंतर पण पाच वर्षं ही सिरीज चालू होती, तेव्हा कायद्याने हात बांधलेत असं म्हणायची सोय उरली नव्हती. आणि "आम्हाला कल्पनाच नव्हती" हे तर मुळीच नाही चालणार. नोव्हेंबर २०१४ चा तो दोनशेवा भाग आठव, शाळेतल्या मुली विंचेस्टर भावांवर नाटक बसवतात, त्यातली एक पोरगी डीनच्या तोंडावर डेस्टिएलची गोष्ट काढते आणि डीनचं तोंड बघण्यासारखं होतं. म्हणजे लेखकांच्या टेबलावर हा शब्द पोचला होता, त्यांनी त्याचा विनोद केला आणि पुढे निघून गेले.

मग "ठरवून" का नाही म्हणत मी? तर त्या टेबलावर पंधरा वर्षं एकच माणूस बसलेला नव्हता. एरिक क्रिपकीने पहिले पाच सीझन सांभाळले, मग सेरा गॅम्बल, मग जेरेमी कार्व्हर, शेवटी अँड्र्यू डॅब आणि रॉबर्ट सिंगर. कुणाला ती जोडी दिसत असेल, कुणाला दिसत नसेल, कुणाला दिसून वरच्यांची भीती असेल. याच सिरीजने २०१५ ला चार्लीला, म्हणजे त्यातल्या सगळ्यांत लाडक्या लेस्बियन पोरीला, मारून बाथटबमध्ये टाकलं, मला तो भाग आजही बघवत नाही. आणि पुढच्याच वर्षी याच सिरीजने जेसी आणि सीझर ही शिकारी नवरा-नवऱ्याची जोडी दाखवली जी जिवंत राहते, शिकार सोडते आणि सुखाने घरी जाते, जे या सिरीजमध्ये जवळजवळ कुणाच्याच नशिबात नाही. एकच घर, दोन्ही गोष्टी. घाबरट, गोंधळलेली, पैशाकडे बघून चालणारी बरीच माणसं एकत्र आली की बाहेरून ते कटासारखंच दिसतं आणि त्रास पण तेवढाच होतो, पण कट नसतो तो. तू बारा वर्षांच्या माणसांना एकच चेहरा देऊन त्याच्यावर चिडतोयस आणि तो चेहरा नाही सापडला म्हणून ॲक्टरवर तुटून पडलास, त्याच्याकडे येते मी नंतर.

आता तो सीन. ५ नोव्हेंबर २०२०, पंधराव्या सीझनचा अठरावा भाग, आपल्याकडे सहा तारखेची सकाळ झाली असेल, तिकडे अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची मतमोजणी चालू आणि इकडे इंटरनेटवर डेस्टिएलचा कल्लोळ. कॅस्टिएलने आधी सौदा केलेला असतो की ज्या क्षणी तो खरा सुखी होईल त्या क्षणी, मेलेले देवदूत जिथे जातात ती पोकळी त्याला घेऊन जाईल. तो डीनला सांगतो की मला जे हवंय ते मिळणार नाही, पण नुसतं ते सांगण्यात पण सुख आहे, आणि सांगतो. डीन म्हणतो, हे नको करू कॅस. भिंतीतून काळं काहीतरी येतं आणि कॅस्टिएल गेला. डीन जमिनीवर बसून रडतो, फोन वाजत राहतो. त्यानंतरच्या दोन भागांत या कबुलीवर डीन एक अक्षर बोलत नाही, कॅस्टिएल परत दिसतच नाही, स्वर्गात त्याचं नुसतं नाव निघतं. म्हणजे बारा वर्षांनी बोलला आणि बोलल्या बोलल्या मेला. गे पात्राला सुख दिलं की लगेच मारायचं ही टीव्हीची जुनी खोड, 'बफी द व्हँपायर स्लेअर' या सिरीजमध्ये २००२ ला टारा नावाच्या लेस्बियन पात्राचं तेच झालं होतं, तिच्या प्रेयसीशी, विलोशी, पुन्हा जुळलं आणि कुठूनशी आलेली गोळी लागून गेली.

तेव्हा तुझा राग खोटा नाहीये. आणि "तुला काहीही दिसतं" हे तुझ्या मित्राचं म्हणणं निदान कॅस्टिएलपुरतं तरी साफ चूक आहे. ते पात्र करणाऱ्या मिशा कॉलिन्सनेच नंतर सांगून टाकलं की हो, ती एका पुरुषाने पुरुषावरच्या प्रेमाची दिलेली कबुलीच होती. डीनच्या मनात काय होतं ते सिरीजने सांगितलं नाही, त्यावर तू आणि मी जन्मभर भांडू शकतो. पण आता पुढच्या वेळी ही सगळी माहिती घेऊन मित्रापुढे जाऊ नकोस, की हे बघ मी बरोबर होतो. कारण तुमचं भांडण त्यावरून नाहीचे.

खरं सांग, तो सीन तू त्याला का दाखवलास? तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "म्हटलं बघू तो काय म्हणतो". तू त्याची परीक्षा घेतलीस. त्याला न सांगता घेतलीस. मनात असं ठरवून घेतलीस की हा सीन बघून तो गप्प झाला, त्याला वाईट वाटलं तर माझं पण सांगेन, आणि हसला तर संपलं. असं करणारे खूप जण असतात भाऊ, आणि मुली पण. कुणी सिनेमा लावून बघतं, कुणी बातमी वाचून दाखवतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून समोरच्याचा चेहरा बघतं. यात गैर काही नाही, अंधारात पाय टाकण्याआधी माणूस चाचपडतोच. पण तू निवडलेला पेपर बघ ना जरा. ज्या माणसाने एकही सीझन बघितला नाही त्याला तू एकदम तीनशे पंचविसावा भाग दाखवला. त्याला काय दिसलं असेल? ओव्हरकोट घातलेला एक माणूस रडतोय, दुसरा दगडासारखा उभा आहे, आणि मग भिंतीतून डांबर येऊन एकाला गिळून टाकतं. मला तर त्या सीनला रडू आलं होतं पण त्याच्या जागी असते तर मी पण हसले असते.

आणि "भावासारखे आहेत" यावर तू जो अर्थ लावलायस त्याचा पण विचार कर. आपल्याकडे गावात पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फिरतात, उन्हाळ्यात गच्चीवर एका गोधडीत झोपतात, यात्रेत बोट धरून हिंडतात आणि कुणाच्या मनात दुसरा विचार येत नाही. दोन पुरुषांची माया बघायला त्याच्याकडे एकच खण आहे, भाऊ. तो त्यात टाकून मोकळा झाला. त्याला दुसरा खण कुणी दाखवलेलाच नसेल, तू पण नाही दाखवलास. आता हे पण शक्य आहे की तो खरंच तिटकारा असलेला माणूस आहे. मी त्याला ओळखत नाही. पण तुला जो पुरावा वाटतोय तो पुरावा नाहीये एवढंच मी म्हणते, नापास करायचंच असेल तर धड प्रश्न विचारून कर.

धड प्रश्न म्हणजे कसा, तर सिरीज बाजूला ठेव. कधीतरी चहा घेताना, दोघं घाईत नसताना, भांडण झालेलं नसताना म्हण, "त्या दिवशी तू हसलास ते मला लागलं, का हसला होतास?" बस, एवढंच, आणि मग गप्प बस आणि ऐक. तो म्हणाला की अरे ते डांबर बघून हसलो, तर पुढे जाता येईल. म्हणाला की "असलं सगळं घाण असतं", तर तेव्हा तुझं काही सांगायची गरज नाही, तू अजून एका सिरीजबद्दलच बोलतोयस, कुठे अडकला नाहीस. पुढची पायरी लगेच त्याच दिवशी चढायची नाही. दुसऱ्या कधी खऱ्या गोष्टीवरून बघ, म्हणजे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमातून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढून टाकले, त्याबद्दल त्याला काय वाटतं ते. माणसं पात्रांबद्दल एक बोलतात आणि जिवंत माणसांबद्दल वेगळं, कधी कधी बरंच बरं.

आणि शेवटी सांगायचं ठरवलंसच तर आधी काही गोष्टी बघून ठेव, हे फक्त तुला नाही, तुझ्यासारख्या सगळ्यांना सांगते. खोलीचं भाडं, डिपॉझिट कुणाच्या नावावर आहे. उद्या त्याने तमाशा केला तर दोन-चार दिवस कुठे राहशील. तो तुझ्याच गावचा आहे, त्याच्या घरचे तुझ्या घरच्यांना ओळखतात, म्हणजे बातमी जळगावात राहणार नाही हे धरून चाल. रागात, दारू पिऊन किंवा "तू हसलास ना, मग ऐक" असं करून सांगायचं नाही. तुझी खात्री होत नसेल तर नको सांगू. न सांगणं म्हणजे खोटेपणा नाही, ती तुझी गोष्ट आहे आणि ती कधी कुणाला द्यायची ते तू ठरवशील.

आता ॲक्टर. तू काय लिहिलंस ते मी इथे छापत नाही, तुला माहीत आहे. ते काढून टाक, आजच. संवाद त्याने लिहिलेले नाहीत, शेवट त्याने ठरवला नाही. आणि यात अजून एक गोष्ट आहे जी मला जास्त टोचते. २०२२ ला किट कॉनर नावाच्या ॲक्टरचं काय झालं वाच. अठरा वर्षांचा पोरगा, एका सिरीजमध्ये बायसेक्शुअल मुलाचं काम करत होता, एका मुलीचा हात धरलेला दिसला म्हणून लोकांनी त्याच्यावरच क्वीअरबेटिंगचा आरोप लावला, इतका छळला की शेवटी त्याने जाहीर केलं की मी बाय आहे, आणि अठरा वर्षांच्या मुलाला हे सांगायला भाग पाडल्याबद्दल तुमचं अभिनंदन. ज्यांना प्रतिनिधित्व हवं होतं त्यांनीच एका खऱ्या पोराला ओढत दारात आणून उभं केलं. बेटिंग सिरीज करते, कंपन्या करतात, जाहिराती करतात. जिवंत माणूस स्वतःबद्दल गप्प असेल तर तो कुणाला फसवत नाही. हे तुझ्याइतकं कुणाला कळायला पाहिजे? उद्या तुझ्या कंपनीत कुणी म्हणालं की हा बोलत का नाही, लपवतो म्हणजे फसवतो आपल्याला, तर?

मग रागाचं करायचं काय, तर दुसऱ्या फॅन लोकांनी काय केलं ते बघ. 'द हंड्रेड' म्हणून सिरीज होती, भुतांची नाही, भविष्यकाळातली, त्यात ३ मार्च २०१६ ला लेक्सा नावाच्या लेस्बियन पात्राला भलत्यालाच मारलेली गोळी लागून मारलं, ते पण सुखाच्या क्षणानंतर लगेच. तिथल्या पोरी आधी अशाच भडकल्या. पण मग त्यांनी वर्गणी काढली आणि ट्रेव्हर प्रोजेक्ट, म्हणजे अडचणीत असलेल्या क्वीअर मुलामुलींसाठी तिकडे जी हेल्पलाइन चालते, तिला एक लाख डॉलरहून जास्त पैसे पोचवले. त्याच महिन्यात सिरीजच्या कर्त्याला जाहीर माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी लास व्हेगासला या प्रेक्षक मुलींनी स्वतःचं संमेलन भरवलं. शिव्यांनी यातलं काही झालं नसतं. तू पैसे नको काढू, तुझी गावाकडची जबाबदारी मला कळते, पण लिही. नावानिशी नको असेल तर टोपणनावाने लिही, डीनने उत्तर दिलं असतं तर काय झालं असतं ते लिही, मराठीत लिही, अहिराणीत लिहिलंस तर मला पहिली पाठव. फॅन लोक हेच करत आलेत, त्यांच्या गोष्टींच्या एका मोठ्या साइटला, आर्काइव्ह ऑफ अवर ओनला, २०१९ ला ह्युगो हा विज्ञानकथांच्या जगातला मोठा पुरस्कार मिळालाय, तेव्हा हा काही रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नको.

आता ती शेवटची ओळ. "अखजीला मुलगी बघायला बोलावतायत, ते बघू नंतर." सगळं पत्र डीन-कॅसचं आणि ही एक ओळ, ती पण जाता जाता. भाऊ, मला वाटतं पत्र त्या ओळीचं होतं.

हे मी जरा कडक बोलणार आहे. तू मुलगी बघायला गेलास, नकार द्यायला जमलं नाही, घरचे खूश, साखरपुडा झाला, तर त्या मुलीच्या बाबतीत तू नक्की काय केलेलं असशील? तिला खुणा सगळ्या दाखवशील. फोन करशील, हसशील, लग्नाचे फोटो काढशील. ती आशेनं बसेल, की आज नाही तर उद्या हा माणूस माझ्याकडे वळेल, वर्षभराने, मूल झाल्यावर. ती विचारेल तेव्हा तू म्हणशील तुला काहीही वाटतं, असं काही नाही. तुला पंधरा सीझनचा एवढा त्रास झाला, तो रिमोटने बंद होत होता. तिला बंद करायला काय असणार आहे? घटस्फोट होऊन माहेरी आलेल्या मुलीला आपल्याकडे काय ऐकावं लागतं ते तू पण जाणतोस, तुझ्याच भावकीत असेल एखादी.

मला माहीत आहे की नाही म्हणणं सोपं नाही. केळीचा मळा, शेजारी-पाजारी, आईचं बीपी, धाकट्या बहिणीचं लग्न अडेल ही भीती, सगळं खरं आहे. पण आज तुला "मी गे आहे" हे सांगायची सक्ती नाहीये, फक्त "आत्ता लग्न नाही" एवढं सांगायचंय, आणि ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तू त्यांची गाठ मारून ठेवलीस म्हणून दुसरं पण तोंडातून निघत नाही. कार्यक्रम ठरायच्या आधी फोन करून सांग, पोहे समोर आल्यावर नाही, कारण मग त्या घरच्यांचा पण अपमान होतो. कारण विचारतील. दोन वर्षं नोकरी, कर्ज, बदली, जे खरं असेल त्यातलं सांग. खोटी गर्लफ्रेंड उभी करू नको, ते अंगाशी येतं, तिचं गाव-आडनाव शोधायला निघतील. एकदा सांगून ऐकणार नाहीत, तेच वाक्य पुन्हा सांग, नवीन कारणं देत बसलास की प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उपाय असतो. घरात कुणी एक असतं ज्याचं सगळे ऐकतात, मावशी, मोठी बहीण, मामा, त्यांना आधी पटव, कारण न सांगता पण पटवता येतं.

पुढे कधी घरी कळलंच आणि "दवाखान्यात दाखवू, बरा होईल" असं कुणी म्हणालं तर एवढं लक्षात ठेव की समलैंगिकता बदलण्याचे तथाकथित उपचार करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ लाच सांगितलंय. लग्नाचं विचारशील तर १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही, तो दरवाजा अजून बंदच आहे. पण तू गुन्हेगार नाहीस आणि त्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल, धमकावत असेल तर तो गुन्हेगार आहे, हे जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या प्रत्येक वाचकाने डोक्यात पक्कं ठेवावं, कारण डेटिंग ॲपवर भेटायला बोलावून लुटणाऱ्या टोळ्या हीच भीती वापरतात. पहिल्यांदा भेटायचं तर लोकांची वर्दळ असेल तिथे भेटा, अनोळखी खोलीवर जाऊ नका.

मनावर फारच दाब आला, झोप लागेना, जिवाचं बरंवाईट मनात यायला लागलं तर वाट बघू नको, टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मुंबईची हमसफर ट्रस्ट ही संस्था बऱ्याच वर्षांपासून याच विषयात काम करते, तिथे तुला पहिल्यापासून सगळं समजावून सांगत बसावं लागणार नाही. रूममेट सोडून जगात बोलायला कुणीच नाही ही तुझी जी अवस्था आहे ना, त्यामुळे त्याच्या एका हसण्याला एवढं वजन आलंय. बोलायला दोन-तीन माणसं झाली की ते आपोआप हलकं होईल, मग तो सुधारो न सुधारो.

राहिला तिसरा प्रश्न, असल्या सिरीज सोडाव्या का. अजिबात नको. पिशाच्चांच्या गोष्टी आपल्यासारख्यांना का आवडतात याचा विचार केलायस का कधी? त्यात सगळे दोन आयुष्यं जगतात, दिवसाचं एक, रात्रीचं एक, आणि सारखी भीती की कुणाला कळलं तर मारतील. हे आजचं नाही, स्त्रीवर जीव लावणारी स्त्री-पिशाच्च 'कार्मिला' १८७२ ला लिहिली गेली, ड्रॅक्युलाच्या आधी पंचवीस वर्षं. फक्त इथून पुढे निवडून बघ. सुरू करायच्या आधी शेवट काय आहे ते विचारून घे, स्पॉयलर झाला तर झाला. 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर'ची २०२२ ला आलेली सिरीज आहे, १९९४ च्या सिनेमात जे इशाऱ्यावर ठेवलं होतं ते त्यात सरळ दाखवलंय, लुई आणि लेस्टाट जोडपं म्हणूनच राहतात. पण जोडपं म्हणून ते भयंकर आहेत, मारामाऱ्या, रक्त, तुझ्या आत्ताच्या मूडला मी नाही देणार. त्यापेक्षा 'वायनोना अर्प' बघ. राक्षस मारणारी बाई, आणि तिची बहीण वेव्हर्ली आणि पोलीस असलेली निकोल यांचं प्रेम. पहिल्या सीझनच्या शेवटी, लेक्साला मारलं त्याच वर्षी, निकोलला गोळी लागते आणि बघणाऱ्यांचा श्वास अडकतो, तर तिने बुलेटप्रूफ घातलेलं असतं! पैशाअभावी सिरीज अडकली तेव्हा २०१९ ला फॅन लोकांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला होर्डिंग लावले, आणि शेवटच्या भागात २०२१ ला त्या दोघींचं लग्न लागलं, कुणी मेलं नाही. सुरुवातीचे काही भाग जरा स्वस्तातले वाटतील, ग्राफिक्स तर विचारू नको, तरी सोडू नको.

तुझी,
ताई